वर्खाची पुडी

"हात वर करा," म्या सेन म्हणाली.

टुन यीनं डावा हात वर केला.

"तो नाही हो. आधी हा."

"तो..." शब्द शोधायला त्याला वेळ लागायचा. "तो तुझा. तू कर."

आणि तो हसला, तोंडाच्या एकाच बाजूनं. दुसरी बाजू गेलं सव्वा वर्ष हसली नव्हती.

म्या सेननं त्याचा उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि सदऱ्याच्या बाहीत अलगद सारला. बाळाला झबलं घालतात तसं, आधी न ऐकणारा हात, मग ऐकणारा. त्यांची मुलगी नांदार लहान होती तेव्हा तिचे दोन्ही हात ऐकायचे नाहीत. तेव्हा म्या सेन चिडायची. आता चिडत नव्हती. बटणं लावून झाली, लुंगीची गाठ मारून झाली, गालांवर थनाखाच्या खोडाचं उगाळलेलं गंध लावून झालं. बाहेर नुकतं उजाडत होतं आणि डोंगर चढणाऱ्या ट्रकांचे हॉर्न पायथ्याच्या किनपुन गावातल्या त्या फळकुटांच्या धर्मशाळेत थेट उशाशी वाजल्यासारखे ऐकू येत होते.

"मंडालेवाले! आवरा!" खालून टिंट बाईंचा आवाज आला. बाई शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण बसभर यात्रेकरूंना त्या अजून चौथीच्या वर्गासारखंच हाकत. "पहिला ट्रक चुकला तर वरच्या फरशीवर पाय भाजतील! मग माझ्याकडे रडत यायचं नाही!"

"एकदा..." टुन यी म्हणाला. "परत."

"अहो, रात्री चार वेळा झालं की."

"परत."

म्या सेननं पिशवीतून पानाचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात दोन पुड्या होत्या. एक तिनं पलंगावर ठेवली, दुसरीचा दोरा सोडून ती त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. मग थर्मास त्याच्यासमोर धरला. थर्मास म्हणजे खडक.

टुन यीनं मान खाली घातली. वरच्या कागदाचा कोपरा ओठांत धरला, श्वास रोखला, खालचा कागद डाव्या हाताच्या दोन बोटांनी हळूच सोडवला, थर्मासवर टेकवला आणि तळव्यानं चोळला. कागद कोराच होता. सरावाच्या पुडीत पाच कोरे कागदच होते, बांबूचे, वर्खाचे असतात तसेच. वर्ख असता तर थर्मास एव्हाना सोन्याचा झाला असता.

"छान," ती म्हणाली. "वारा असेल वर. खडकाला अगदी चिकटून उभं राहायचं. अंगाचा आडोसा करायचा."

"मला... शिकवते."

"हो, शिकवते. चौतीस वर्षं सोनं कुटलंत, लावलंत कधी?"

तिनं कागद गोळा केले, पुडी पुन्हा बांधली आणि पलंगावर ठेवली. तेवढ्यात दार धाडधाड वाजलं. "काका! मावशी! ट्रकात पुढची फळी धरून ठेवलीय तुमच्यासाठी. माझी बायको तिच्यावर आडवी झोपलीय, आणि ती बाई एकदा झोपली की चाळीस माणसांची जागा जाते, लवकर या!" हा चिट स्वे. टायरच्या दुकानाचा मालक, पन्नाशीचा, सगळ्या बसचं ओझं उचलणारा आणि तेवढंच बोलणारा. म्या सेननं घाईनं एक पुडी टुन यीच्या सदऱ्याच्या खिशात घातली, वरून बटण लावलं, दुसरी डब्यात टाकली, डबा पिशवीत. थर्मासचं झाकण फिरवलं. काठी त्याच्या डाव्या हातात दिली.

"चला," ती म्हणाली.

*

मंडालेत ज्या गल्लीत ते राहात तिथं सकाळी सहापासून ठोके सुरू होतात. घराघरात सोनं कुटलं जातं. हरणाच्या कातड्यात बांधलेली कागदांची जाड गड्डी, प्रत्येक दोन कागदांमध्ये सोन्याचा एक तुकडा, आणि त्यावर तीन किलोचा हातोडा. किती वेळ कुटायचं ते घड्याळ सांगत नाही. पाण्याच्या बादलीत भोक पाडलेली नारळाची करवंटी तरंगत असते. ती भरून बुडाली की एक वाटी झाली. टुन यी तेविसाव्या वर्षापासून वाट्यांमध्ये जगला. चहा किती वेळ उकळायचा, दोन वाट्या. नांदारच्या वेळी म्या सेन किती कळा देत होती, तर एकशे बारा वाट्या. ते त्यानं लग्नकार्यात लोकांना सांगितलेलं.

त्याच कारखान्यात म्या सेनची खोली मागच्या बाजूला. तिथं बायका कुटलेली पानं म्हशीच्या शिंगाच्या पट्टीनं उचलून चौकोनी कापायच्या आणि कागदांत ठेवून पुड्या बांधायच्या. दारं-खिडक्या बंद. पंखा नाही. वर्ख श्वासानंसुद्धा उडतो, म्हणून पान उचलताना श्वास धरायचा आणि ठेवल्यावर सोडायचा. तिथं पहिल्या दिवशी तिला शिकवलेली गोष्ट एकच: एक पुडी दुसरीसारखी दिसली पाहिजे. घडी तीच, गाठ तीच, दोऱ्याचे वेढे तेवढेच. तीस वर्षांत तिच्या हातून बाहेर पडलेल्या सगळ्या पुड्या शेजारी शेजारी मांडल्या असत्या, तर तिची तिलाही त्यातली पहिली कुठली आणि शेवटची कुठली ते सांगता आलं नसतं.

त्यातल्या पोतंभर पुड्या दर हिवाळ्यात क्याइटियोला जात. डोंगराच्या कड्यावर तोललेला तो खडक, पुरुष त्यावर वर्ख लावतात आणि लावता लावता तो अख्खा सोन्याचा झालेला. बायकांना खडकाजवळ जाता येत नाही. यावरून मागच्या खोलीत नेहमी हसणं व्हायचं. म्या सेन म्हणायची, "माझ्या हातचं सोनं चालतं, हात तेवढा चालत नाही." आणि पुढच्या खोलीतून टुन यी ओरडायचा, "माझा चालतो, पण मालक रजा देत नाही!"

जाऊ या, जाऊ या म्हणत राहिले. नांदारची शाळा झाली की, मग तिचं लग्न झालं की, मग तिचं बाळंतपण झालं की. दोघं मिळून मंडालेच्या बाहेर कधी एक रात्रही राहिली नव्हती.

मग एका सकाळी पुढच्या खोलीतला एक ठोका पडलाच नाही. बादलीतली वाटी बुडाली, तळाला लागली, आणि ती वर काढायला कोणी वाकलं नाही. म्या सेननं ते ऐकलं, म्हणजे ऐकू न येणं ऐकलं. पट्टीवरचं पान तसंच टाकून ती धावली. टुन यी हातोड्याशेजारी आडवा होता आणि छताकडे बघून काहीतरी सांगत होता, पण त्याच्या तोंडातून शब्द नाही, नुसता आवाज येत होता.

उजवी बाजू गेली. उजवीकडचं दिसणंही अर्धं गेलं. डॉक्टर म्हणाले, चालेल थोडं, बोलेल थोडं, पण हा हात आता धरू नका हिशेबात. तीन महिन्यांनी त्यानं पहिला शब्द उच्चारला, "खडक." नांदारला वाटलं, बाबांच्या पोटात दगड झाल्यासारखं दुखतंय. म्या सेनला मात्र लगेच कळलं. ती उठली, देव्हाऱ्यातून एक पुडी घेऊन आली आणि त्याच्यासमोर धरली. त्या सकाळच्या आदल्या दिवशी त्यानं कुटलेली पाच पानं, मालकानं त्याच्या नावानं बाजूला काढून दिलेली. त्या हाताचं शेवटचं काम.

टुन यीनं डाव्या हातानं पुडीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. मी लावणार.

कुणाकडून लावून घेता आलं असतं. लावतातच लोक. आजारी माणसाचा, म्हाताऱ्याचा, बाईचा वर्ख दुसरा पुरुष लावून येतो, पुण्य पोचतं. जावई म्हणालाही, "मी लावून येतो, बाबा." टुन यीनं मान हलवली. नाही. त्याला पुण्य नको होतं, किंवा नुसतं पुण्य नको होतं. चौतीस वर्षं जे कुटलं त्यातलं शेवटचं स्वतःच्या हातानं ठेवायचं होतं, जिथं ते जायचं तिथं. बाकी त्यानं काहीच मागितलं नव्हतं. हातसुद्धा परत मागितला नव्हता.

एका हातानं पुडी उघडत नाही. म्हणून ओठांची युक्ती म्या सेननं काढली, आणि सरावाची पुडी बांधली. पाच कागदांचीच, त्याला पाचाची सवय व्हावी म्हणून. घडी तीच, गाठ तीच.

*

यात्रेचे आधीचे सहा दिवस बरे गेले होते. इतके बरे, की म्या सेनला मधूनच भीती वाटायची.

रंगूनच्या मोठ्या पॅगोड्याला प्रत्येकानं आपापल्या जन्मवाराच्या कोपऱ्यातल्या मूर्तीवर पाणी घालायचं असतं, वयाइतके पेले आणि वर एक. टुन यी शनिवारचा, नागाच्या कोपऱ्यातला. एकोणसाठ पेले. तिनं पेला भरून धरायचा आणि त्यानं डाव्या हातानं उचलून ओतायचा. अर्धं पाणी स्वतःच्याच लुंगीवर. विसाव्या पेल्याला टिंट बाई घड्याळ बघायला लागल्या. चाळिसाव्याला म्हणाल्या, "अहो, भगवंताला कळतं. नऊ पेले घातले तरी चालतात."

"मोजतोय," टुन यी म्हणाला. "चुकवू... नका."

संपलं तेव्हा त्याला काही पुण्यवाटपाचं म्हणायचं होतं. चांगलं काही केलं की मोठ्यानं म्हणायचं असतं, ऐकणाऱ्या सगळ्यांनी माझ्या पुण्यातला वाटा घ्या. आणि ऐकणाऱ्यांनी तीनदा साधु म्हणायचं. घेणाऱ्यानं साधु म्हटलं नाही तर वाटा पोचत नाही. ते लांबलचक वाक्य त्याला आता येईना. तो तिच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "घे."

"साधु, साधु, साधु," म्या सेन म्हणाली. मग ओल्या लुंगीतच ती दोघं संगमरवरावर बसून उकडलेले वाटाणे खात राहिली. समोर घंटा वाजत होत्या, कुणाची तरी पोरं फरशीवर घसरत होती.

"बरंय," टुन यी म्हणाला.

"काय बरंय?"

उत्तरादाखल त्यानं एक वाटाणा तिच्या तोंडात घातला.

बगो गावी पहुडलेल्या बुद्धाच्या घराएवढ्या उंच तळव्यांसमोर उभं राहून चिट स्वेनं विचारलं होतं, "काका, हे पाऊल सोन्याचं कुटायला घेतलं तर किती वाट्या लागतील हो?" टुन यी नुसता बघत राहिला. सगळे बसमध्ये बसले, बस सुटली, गाव मागं पडलं, चिट स्वेनं दोन केळी खाऊन संपवली, आणि मग मागच्या सीटवरून टुन यी म्हणाला, "तुझं... आयुष्य पुरणार नाही. आळशी." अख्खी बस हसली. चिट स्वे सगळ्यात जास्त. त्या दिवसापासून तो टुन यीला सोडेना. पायऱ्या आल्या की खांदा द्यायचा, चहा आला की पहिला पेला त्याला.

*

ट्रक डोंगर चढत होता. वीतभर रुंदीच्या फळ्या, एकेका फळीवर सहाजण, प्रत्येक वळणाला सगळे एका अंगाला. म्या सेननं टुन यीच्या कमरेला मागून विळखा घातला होता.

"मावशी, सोडा काकांना, पळून नाही जात ते!" चिट स्वे ओरडला.

"तुझी बायको तुला धरत नाही म्हणून जळतोस का रे?"

"मला धरायला तिचे हात पुरत नाहीत!" आणि वळण आलं, सगळे किंचाळले.

टुन यीचा डावा हात सगळा वेळ छातीशी होता, खिशावर.

वर धुकं होतं आणि वारा. चपला पायऱ्यांपाशी काढून ठेवल्या. फरशी बर्फासारखी गार. ध्वनिक्षेपकावर दान देणाऱ्यांची नावं अखंड वाचली जात होती. आणि मग धुकं हललं आणि खडक दिसला, कड्याच्या अगदी टोकाला, आता पडेल असा, आणि न पडणारा. म्या सेननं आयुष्यभर ज्याच्यासाठी पुड्या बांधल्या तो हा. तिला वाटलं होतं आपण रडू. पण तिचं लक्ष पायऱ्यांकडे होतं, ओलसर होत्या, याचा पाय घसरायला नको.

छोट्या पुलाच्या तोंडाशी लोखंडी फाटक, पाटी, आणि एक पहारेकरी. इथून पुढं बायकांना मनाई.

"काका, मी नेतो," चिट स्वे म्हणाला. "जागेवर उभं करतो, मग तुमचं तुम्ही."

म्या सेननं टुन यीची कॉलर नीट केली. "श्वास धरायचा," ती म्हणाली. "घाई नाही करायची. एक झालं की थांबायचं, मग दुसरं. कागद टाकायचे नाहीत, खिशात ठेवायचे."

"म्या सेन."

"काय?"

"गप्प."

ती हसली. तो निघाला. काठी, डावा पाय, मग मागून ओढत येणारा उजवा. फाटक ओलांडलं आणि तिचे हात एकदम मोकळे पडले. सव्वा वर्षात पहिल्यांदा तो उभा होता आणि तिनं धरलेला नव्हता.

कठड्याच्या अलीकडे चटईवर बायका बसल्या होत्या. तीही बसली. तिथून दिसत होतं सगळं. चिट स्वेनं त्याला खडकाशी उभं केलं, काठी शेजारी टेकवून ठेवली, पाठीवर थाप मारली आणि मागं सरकून फोटो काढायला लागला. टुन यीनं खिशाचं बटण काढलं. पुडी ओठांशी नेली. शिकवल्याप्रमाणे खडकाला अगदी चिकटला. म्या सेननं इथं श्वास धरला. त्याचा तळवा सोन्यावरून फिरला. एक.

तिनं श्वास सोडला.

हातांना काहीतरी काम हवं होतं. तिनं पिशवीतून डबा काढला. सरावाची पुडी आता लागणार नव्हती. कागद सोडवून सपाट करून ठेवावेत, बांबूचा कागद फुकट घालवू नये, ही कारखान्याची सवय. तिनं गाठ सोडली. वरचा कागद उचलला.

खाली सोनं होतं.

पान वाऱ्यानं कोपऱ्यातून उचललं गेलं. तिनं तळवा दाबून पुडी मिटली. श्वास आपोआप थांबला होता. पलीकडे टुन यी दुसरा कागद ओठांत धरत होता.

पाच पानांना वजन नसतं. असतं तर हाताला कळलं असतं. आणि सोन्यानंच मढलेल्या खडकावर, अर्ध्या नजरेला, पान लागलं की नाही ते दिसत नाही. घडी तीच, गाठ तीच, वेढे तेवढेच.

ती उठली. फाटकापाशी गेली. "दादा, मला आत... नाही, मला नको, हे तेवढं त्या माणसाला द्या. तो, तपकिरी सदरा, काठीवाला."

"मला फाटक सोडता येत नाही, आजी."

"दहा पावलं आहेत हो."

"तुम्ही आत आलात तर माझी नोकरी जाईल आणि तुम्हाला पाप लागेल. कुणा पुरुषाकडं द्या."

"अहो!" तिनं हाक मारली. "अहो, थांबा!" वारा खडकाकडून येत होता, तिची हाक मागच्या बायकांना ऐकू गेली, पुढं नाही. त्या बायका बघायला लागल्या. पलीकडे टुन यीचा तळवा चोळत होता, सावकाश, गोल गोल, कणभरही घाई नाही. इतकं नीट त्यानं सरावातसुद्धा केलं नव्हतं. तीन.

चिट स्वे फोन खिशात घालत पुलावरून परत येत होता.

"चिट स्वे! अरे, ही घे. पुडी. त्यांना दे, पळ."

"अजून आहे? वा, मावशी, कारखानाच आणलात की!"

"बोलू नको, पळ! त्यांच्या हातात दे, त्यांच्याच..."

तो पळाला. अर्धं वाक्य तिच्यापाशी राहिलं. तिनं कठडा धरला. तिला दिसलं, टुन यीनं पाचवा कागद खिशात ठेवला आणि कपाळ खडकाला टेकवलं. चिट स्वे त्याच्याजवळ वाकला, कानाशी काही बोलला. टुन यीनं कपाळ न उचलता मान हलवली. चिट स्वे क्षणभर उभा राहिला. मग त्यानं इकडे फाटकाकडे वळून, हसून, तिला हात केला. काळजी नको.

"नको," म्या सेन म्हणाली, शेजारच्या बाईलासुद्धा ऐकू जाणार नाही इतकंच.

चिट स्वे दोन्ही हातांनी, झटपट, हात जाईल तेवढा उंच लावत होता. चांगलं लावत होता. त्याला दोन हात होते. पाच पानांना अर्धी वाटीसुद्धा लागली नाही.

*

"झालं!" तो धापा टाकत आला. "सगळी लावली, मावशी, एक कण वाया नाही. काकांना म्हटलं, मावशीनं आणखी दिलीय. म्हणाले, माझं झालं, तू लाव. डोळे मिटूनच होते, मग मी म्हटलं कशाला उठवा. हे कागद." त्यानं कागद तिच्या हातात दिले. "तुमच्या हातचे म्हणून परत आणले."

कागदांवर बारीक सोनेरी कड राहिली होती, राहतेच.

"मावशी, घ्या हं वाटा!" चिट स्वेनं हात जोडले. त्याचा चेहरा उजळला होता. तो चांगला माणूस होता. यात्राभर तिनं त्याच्यासारखा दुसरा पाहिला नव्हता. त्याची बायको, टिंट बाई, सगळे बघत होते.

म्या सेनच्या ओठांना ते शब्द जमवायला टुन यीला लागतो तेवढा वेळ लागला.

"साधु," ती म्हणाली. "साधु. साधु."

मग टुन यी आला. त्याला आणायला चिट स्वे पुन्हा गेला होता. पण फाटकापाशी टुन यीनं त्याचा खांदा सोडला आणि शेवटची तीन पावलं एकट्यानं टाकली. त्याचा चेहरा ओला होता, धुक्यानं की कशानं. कपाळावर खडकाचा गार लाल वळ उमटला होता. तो तिच्यासमोर उभा राहिला. सव्वा वर्षांत तो इतका उंच दिसला नव्हता.

"पाचही," तो म्हणाला. एका दमात, न अडखळता.

"बघितलं मी."

"एकही... उडालं नाही."

"नाही उडालं."

तिला सांगता आलं असतं. त्या क्षणी सांगता आलं असतं, आणि मग? देव्हाऱ्यात दुसरी पुडी नव्हती. मंडालेत आता तो हात नव्हता. दुकानात विकत मिळणारी पानं शेकड्यानं होती, पुलाच्या अलीकडेच टपऱ्या होत्या, कुणाच्या कुणाच्या हातची.

टुन यीनं डावा हात तिच्यापुढं केला. तळवा वर.

"घे," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तीनदा, स्वच्छ, शेजारच्या चटईवर ऐकू जाईल असं, साधु म्हटलं.

*

उतरणीचा ट्रक भरायला वेळ लागत होता. ती दोघं सगळ्यात मागच्या फळीवर बसली होती. टिंट बाई माणसं मोजत होत्या, एक कमी भरत होता, आणि तो कमी माणूस म्हणजे चिट स्वे, बांबूचं खेळणं घ्यायला गेलेला. ऊन आलं होतं.

टुन यी आपली डावी बोटं उन्हात धरून बघत होता. एकेक बोट वळवून, नखापर्यंत. चौतीस वर्षं त्याच्या बोटांवर सोनं असायचंच. जेवायला बसला की भातावर चमकायचं आणि म्या सेन म्हणायची, राजाचं जेवण चाललंय. तो अंगठ्यानं तर्जनी चोळत होता. पुन्हा उन्हात धरत होता.

काही नव्हतं.

तो फक्त बघत राहिला. शब्द शोधताना बघतो तसा.

म्या सेननं पिशवीत हात घातला. कागद चाचपले. डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं कड शोधली, तीस वर्षं शोधायची तशी, आणि कडेवरून अंगठा ओढला.

"द्या इकडे हात. गार पडलाय." तिनं त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि चोळला, तळवा, बोटं, टोकं. थंडीत नांदारचे चोळायची तसे. मग सोडला.

टुन यीनं हात परत उन्हात धरला. तर्जनीच्या टोकावर एक कण होता.

ट्रकवाल्यानं इंजिन सुरू केलं. चिट स्वे पळत आला, चढला, त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीत एक घातला, सगळे हसले. टुन यी बोट डोळ्यांजवळ आणून बघत होता, उजवीकडून दिसत नाही म्हणून डावीकडे धरून.

"आपल्या... कारखान्यातलं," तो म्हणाला. "माझं."

"मग कुणाचं असणार?"

त्यानं मान वळवली. सावकाश, तिच्याकडे. मग खाली, तिच्या हाताकडे. म्या सेननं अंगठा मुठीत मिटून घेतला; पण ऊन सरळ फळीवर पडलं होतं आणि वर्ख लपत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो त्या मुठीकडे बघत होता. तिनं वाट पाहिली. त्याला शब्द सापडेल, सापडणार नाही, काय सापडेल.

टुन यीनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, मनगटाशी धरून, तिच्यासारखाच. तो आणला आणि तिच्या मुठीवर अलगद ठेवला, पानावर कागद ठेवावा तसा.

ट्रक हलला. पहिल्या वळणाला वारा आत घुसला, आणि म्या सेननं सवयीनं श्वास धरला.